नवख्याला दारातूनच परत कसं पाठवावं

काळ मोठा कठीण आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सोय लागते, शिवाय प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. त्यामुळे कालपर्यंत धडधाकट चालणारे लॅपटॉप एका दिवसात म्हातारे ठरले आणि त्यांचे मालक पर्याय शोधत आपल्या दाराशी येऊ लागले. लिनक्ससाठी डेस्कटॉप बनवणाऱ्या केडीईच्या मंडळींनी तर ‘एंड ऑफ १०’ नावाची मोहीमच काढली आणि या लोकांना हात धरून आत बोलावलं. अशा वेळी एखाद्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची वेबसाइट सांभाळायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर धीर सोडू नका. आलेल्या माणसाला पाच मिनिटांत वाटेला लावण्याची विद्या आपल्या ज्येष्ठांनी तीस वर्षं घासूनपुसून ठेवली आहे. ती इथे नवशिक्यांसाठी पायरीपायरीने देत आहोत.

पायरी शून्य

आपल्याकडे मोजणी शून्यापासून होते. मुक्त सॉफ्टवेअरची चार स्वातंत्र्यंसुद्धा शून्य ते तीन अशीच मोजतात. याचं कारण कुणाला सांगत बसू नये. पहिली पायरी आपल्याच नजरेतून सुटली, असं पाहुण्याला वाटू द्यावं.

या पायरीवर एकच पथ्य आहे: ही वस्तू काय आहे, ते पहिल्या पानावर लिहायचं नाही. “हे तुमच्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी चालतं, फुकट आहे, ब्राउझर आणि ऑफिस सोबतच येतं,” एवढं लिहिलंत की संपलं, माणूस खुर्ची ओढून बसतो. त्याऐवजी नव्या आवृत्तीत कर्नल कितवा आणि सिस्टीमडी कितवा, ते ठळक अक्षरांत द्यावं. ‘आमच्याविषयी’ हे पान १९६९ साली बेल लॅब्जमध्ये सुरू करावं. तिथून रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पावर यावं, मग १९९१ मधल्या हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यावर. त्यानंतर या सगळ्याला लिनक्स म्हणावं की ग्नू/लिनक्स, यावर तीन परिच्छेद खर्चावेत. एवढं वाचूनही जो टिकतो, तो बहुधा आपलाच माणूस असतो.

पायरी एक: नावं ठेवणे

इथे डेबियनला गुरू करावं. १९९३ पासून चालत आलेला हा प्रकल्प आपल्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ सिनेमातल्या पात्रांची नावं देतो, कारण प्रथा पडली तेव्हा प्रकल्पाची धुरा वाहणारे ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते. बारावी आवृत्ती बुकवर्म, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली तेरावी ट्रिक्सी. सतत बदलत राहणाऱ्या अस्थिर शाखेचं नाव मात्र कायम सिड, म्हणजे सिनेमात खेळणी मोडणारं ते शेजारचं कार्टं. विनोद खरोखर छान आहे. तो कुठेही उलगडून सांगू नये. ‘बुकवर्मवरून ट्रिक्सीवर जाताना’ असा मथळा द्यावा, आकडा गाळावा आणि कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं हे वाचकाच्या चित्रपटज्ञानावर सोडावं.

पायरी दोन: डाउनलोडचं पान

कारागिरी दिसते ती इथे. उबुंटू या लिनक्सने २००४ पासून या क्षेत्राची शिस्तच बिघडवली. एवढंच कशाला, २०११ पर्यंत ते लोक मागेल त्याला सीडी पोस्टाने घरपोच, फुकट पाठवत, भारतातसुद्धा. तुम्हाला तसलं काही करायचं नाही. तुमच्या पानावर मोठं बटण नको, तक्ता हवा.

तक्त्याच्या पहिल्या रकान्यात ‘एएमडी६४’ लिहावं. पाहुण्याच्या लॅपटॉपवर इंटेलचं स्टिकर असतं. तो थबकतो. खरी गोष्ट अर्ध्या ओळीची आहे: आज विंडोजच्या बहुतेक लॅपटॉपवर चालणारी ६४-बिट रचना एएमडीने आणली, मग इंटेलनेही तीच घेतली, पण नाव पहिल्याचं राहिलं, म्हणून इंटेलवाल्यानेही हीच फाईल घ्यायची. ही अर्धी ओळ गाळण्यातच सगळं कसब आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत डेबियनच्या यादीत शेजारीच ‘आयए६४’ असायचं. आय म्हणजे इंटेल, असा सरळ हिशोब करून जो ते उतरवून घेई, त्याच्या हाती इटॅनियम सर्व्हरसाठीची प्रत पडे. ते वैभव आता गेलं. ‘एआरएम६४’ आहे, त्यावर भागवावं लागतं.

दुसऱ्या रकान्यात नेटइन्स्ट, डीव्हीडी-१, लाइव्ह आणि जिगडो. तिसऱ्यात ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, सिनॅमन, माते, एलएक्सक्यूटी. प्रत्येकासमोर ‘हलकं’, ‘आधुनिक’, ‘पारंपरिक’ असं एकेक विशेषण ठेवावं. चित्र एकाचंही नको. कुठलं घ्यावं ते कळत नसेल तर अमुक घ्या, असं लिहिणारा माणूस आपल्यात निघाला तर त्याच्यावर पक्षपाताचा आरोप करावा. तो लगेच गप्प होतो.

आता पडताळणी. फाईल वाटेत बिघडली नाही ना, हे पाहण्यासाठी ६४ अक्षर-आकड्यांची एक ओळ द्यावी आणि खाली लिहावं: ‘शा२५६सम ही आज्ञा चालवून ओळ जुळते का पाहा.’ ही आज्ञा लिनक्सवर आयती असते. पाहुणा विंडोजवर बसलेला आहे आणि लिनक्स मिळवायलाच आलेला आहे. यापेक्षा देखणा फास गेल्या तीस वर्षांत कुणाला जमलेला नाही.

पेन ड्राइव्हच्या बाबतीतही हाच बाणा ठेवावा. उतरवलेली आयएसओ फाईल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट केली तर मशीन तिच्यावरून सुरू होत नाही. रूफस किंवा बलेना एचरसारख्या साधनाने ती लिहून घ्यावी लागते. नवखे हटकून कॉपी-पेस्ट करतात, म्हणून तो विषय काढूच नये. फक्त ‘डीडी’ आज्ञा द्यावी आणि तिच्या शेवटी ‘/डेव्ह/एसडीएक्स’. यातल्या एक्सच्या जागी आपल्या पेन ड्राइव्हचं अक्षर घालायचं असतं. ते चुकून ‘ए’ पडलं, तर पुष्कळदा स्वतःची हार्ड डिस्कच पुसली जाते, लग्नाच्या फोटोंसकट. आज्ञा तक्रार करत नाही, खात्री विचारत नाही. विंडोजवर ती मुळात नसतेच, हे पाहुण्याचं नशीब.

पायरी तीन: मदतीची पानं

जुन्या सुगरणी पाककृती सांगताना “मीठ अंदाजाने” म्हणायच्या. तो अंदाज ज्याला आहे त्याला पाककृतीची गरज नसते. मदतीची पानं अशीच लिहावीत. ‘फक्त’ आणि ‘नुसतं’ हे शब्द सढळ हाताने वापरावेत: ‘फक्त विभाजन करून माउंट करा’, ‘नुसतं बूटलोडर बसवा’. काम जितकं अवघड तितका ‘फक्त’ आधी यावा.

आर्च लिनक्सचा दाखला काही लोक उलटा देतात, त्यांना भुलू नका. आर्चची विकी इतकी नेटकी आहे की इतर सिस्टीमवाले अडचण आली की गुपचूप तिथेच जातात. आर्च नवख्यांसाठी नाही, हे ते लोक मोकळेपणाने सांगतातही. इतका प्रामाणिकपणा आपल्याला परवडणारा नाही. आपण ‘सर्वांसाठी’ असंच लिहावं. शिवाय २०२१ साली त्यांनीसुद्धा प्रश्न विचारत विचारत सिस्टीम बसवून देणारं साधन पुरवायला सुरुवात केली. वय झालं की माणसं मऊ होतात.

पायरी चार: वायफाय

ही पायरी आता इतिहासजमा आहे, पण अभ्यासक्रमात हवीच. बहुतेक वायफाय कार्डांना कंपनीचं बंदिस्त फर्मवेअर लागतं. अशी वस्तू अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवायची नाही, हा डेबियनचा जुना नियम. आता नेटइन्स्ट प्रत म्हणजे बाकीचा माल नेटवरून आणणारी. नेटसाठी वायफाय हवं, वायफायसाठी फर्मवेअर, आणि फर्मवेअर नेटवर. इन्स्टॉलर मध्येच थांबायचा, ‘आयडब्ल्यूएल-वायफाय’ने सुरू होणारं एक लांबलचक फाईलनाव दाखवायचा आणि ती फाईल दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून द्या म्हणायचा. फर्मवेअर आधीच भरलेली प्रतही प्रकल्पाकडेच होती, पण ‘अनधिकृत’ नावाच्या फोल्डरात, आत आणखी दोन दारं ओलांडून. तत्त्वही शाबूत, दुकानही चालू, आणि माणूस बाहेर.

मग २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी रीतसर मतदान केलं आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअर अधिकृत प्रतीतच आलं. डेबियनने २०२० च्या शेवटी पहिलं पानही बदलून डाउनलोडचं बटण वर आणलं होतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने तर प्रत उतरवून घेऊन पेन ड्राइव्हवर स्वतःच लिहून देणारं साधन काढलं. घरभेदी सगळीकडे असतात.

पायरी पाच: पाहुण्याचे प्रश्न

आपल्या पानांवर आपण एकमेकांना विचारतो त्याच प्रश्नांची उत्तरं असतात. पाहुणा वेगळंच विचारतो. साताऱ्याचा एखादा कर सल्लागार येईल आणि म्हणेल: टॅली चालेल का? श्रीलिपीत टाइप केलेल्या दहा वर्षांच्या फायली उघडतील का? निविदा भरायची डिजिटल सहीची डोंगल ओळखेल का? माझा प्रिंटर? मराठी टाइप कसं करायचं? आणि नाही आवडलं तर परत जाता येईल का?

या प्रश्नांना खरी उत्तरं आहेत, हीच पंचाईत. टॅली विंडोजसाठीच बनतं, तेव्हा ज्याचं पोट त्याच्यावर आहे त्याने विंडोज पूर्ण काढू नये. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घेतलेला बरा. डोंगल आणि प्रिंटरचं मॉडेलप्रमाणे बदलतं, आधी पाहून घ्यावं. मराठी मात्र चोख चालतं: इनस्क्रिप्ट कीबोर्ड आयता असतो, लोहित देवनागरी हा मोफत फॉन्ट असतो, डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतून प्रश्न विचारतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी बॉस लिनक्स काढलं, तेही डेबियनच्याच पायावर. ‘टॅली चालणार नाही’ हे सरळ सांगणाऱ्या वेबसाइटवर माणूस चटकन विश्वास ठेवतो. तेव्हा नकारसुद्धा देऊ नये. ‘ते तुमच्या वापरावर अवलंबून आहे’ एवढं पुरे.

घातक मजकूर

शेवटी एक सावधगिरी. पुढच्या ओळी केवळ तुम्हाला ओळखता याव्यात म्हणून देत आहोत: ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जाईल. मिंट किंवा उबुंटूची आयएसओ उतरवा आणि रूफसने त्यावर लिहा. मशीन सुरू करताना एफ१२, एफ२, एस्केप यांपैकी तुमच्या कंपनीची जी की असेल ती दाबून पेन ड्राइव्ह निवडा. काहीही इन्स्टॉल न करता सिस्टीम तिथूनच चालते. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा, दोन-चार दिवस वापरा. नाही पटलं तर बंद करून पेन ड्राइव्ह काढा, तुमचं विंडोज जसंच्या तसं असेल. पटलं तर आधी फायलींची दुसरी प्रत बाहेर काढून ठेवा आणि मगच इन्स्टॉलचं बटण दाबा.

हा परिच्छेद पहिल्या पानावर लागला तर वरच्या सगळ्या पायऱ्या वाया जातील. वेबसाइट हाती आली की कुणी तो आधीच तिथे लावून ठेवलेला नाही ना, हे पहिल्यांदा तपासा.