उंबऱ्याबाहेरचं घर

पाऊस संपला की घरोघरी एकच बेत शिजतो: दिवाळीच्या आत हॉल करून घ्यायचा. मग पीओपीचं फॉल्स सीलिंग, त्यात दडवलेले दिवे, टीव्हीमागची नक्षीदार भिंत आणि हात लागलाच आहे तर मॉड्युलर किचनही. चार-पाच लाख बघता बघता जातात. त्याच इमारतीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी फ्लॅटमागे पंधरा-वीस हजार मागितले, की सभा रात्री अकरापर्यंत भांडते आणि विषय पुढच्या वर्षावर ढकलते. मला या हिशेबाचा राग येतो. आपण टाळतो त्याच खर्चावर आपल्या घराचा भाव उभा असतो.

जुना फ्लॅट विकायला काढून पाहा. घेणारा पहिल्यांदा विचारतो, कार्पेट किती? मग पार्किंग, इमारतीचं वय, रिडेव्हलपमेंटची बोलणी. किचनच्या ट्रॉल्या बघून तो छान म्हणतो, पण त्यासाठी भाव वाढवत नाही, कारण आल्या आल्या तो स्वतःच्या आवडीचं करून घेणार असतो. शिवाय त्याचा हात आधीच आखडलेला. पुण्यात 80 लाखांचा फ्लॅट घेतला तर 7 टक्क्यांनी 5 लाख 60 हजार मुद्रांक शुल्क आणि वर 30 हजार नोंदणी फी. बँकेचा व्हॅल्युअर येतो तो इमारतीचं वय आणि उरलेलं आयुष्य बघायला. रेडी रेकनरचं गणितही इमारतीच्या वयानुसार घसारा कापतं. तुमच्या छतातल्या दिव्यांना त्यात रकाना नाही.

म्हणून आधी गच्चीवर चला. मे महिन्यात एकदा तरी जाच. आउटलेटच्या जाळीत पानं, कबुतरांची घाण आणि कुणाच्या तरी कुंडीतली माती अडकलेली असते. पॅरापेटच्या मुळाशी, भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे, गवंड्याने मारलेला गोलसर वाटा तडकलेला दिसतो. त्या फटीतून पिंपळाचं रोपटं डोकावत असतं. पाणी तिथूनच शिरतं आणि स्लॅबच्या सळईपर्यंत पोचतं. गंजलेली सळई फुगते, काँक्रीट फोडते आणि खालच्या घरात छताचे पोपडे पडू लागतात. ते झाकायला आपण फॉल्स सीलिंग करतो. पोपडे दिसेनासे होतात, गंज मात्र आपलं काम करत राहतो. ओल असलेल्या छताखाली फॉल्स सीलिंग करणं हा पैशाचा अपव्यय तर आहेच, धोकाही आहे.

यावर वरून केमिकल फासून जाणारा ठेकेदार हा उपाय नव्हे. निकामी झालेला कोबा काढावा लागतो, आउटलेटकडे नीट उतार द्यावा लागतो, वाटा नव्याने भरावा लागतो आणि शेवटी काही दिवस पाणी तुंबवून चाचणी घ्यावी लागते. ती चाचणी होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.

गळतीचा खर्च कोणी करायचा, यावर वर्षानुवर्षे शेजाऱ्यांची बोलचाल बंद असते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याचं उत्तर साफ आहे. गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने काढायची. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून, नहाणी ट्रॅपमधून खाली ओल उतरत असेल तर तो खर्च वरच्या सभासदाचा. उपविधींची पुस्तिका सचिवांकडून मागून घ्या. अर्धी भांडणं तिथेच मिटतील.

आता घराच्या आतल्या कामाबद्दल. जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी बसवायची टूम निघाली आहे. राडारोडा नाही, वेळ वाचतो. पण दीड इंच मसाला आणि वर नवी टाइल धरली तर चौरस मीटरला साधारण 100 किलो होतात. 500 चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये हे ओझं साडेचार टनांच्या घरात जातं. चाळीस वर्षांच्या इमारतीत दहा घरांनी हेच केलं तर तिच्या पायावर आपण 45 टन चढवले. फरशीवर फरशी घालायचीच असेल तर आधी इंजिनिअरला विचारा आणि मसाल्याऐवजी चिकटवायचं ॲढेसिव्ह वापरा.

भिंतीचं तर याहून गंभीर. हॉल मोठा दिसावा म्हणून भिंत पाडताना ती नुसती आडभिंत आहे की भार घेणारी, हे गवंड्याच्या अंदाजावर सोडता येत नाही. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली चार मजली इमारत कोसळली आणि 17 माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. तोडफोडीचा आवाज आला तर खाली जाऊन परवानगीचा कागद विचारणं हे आगाऊपणाचं लक्षण समजू नका. तो तुमचा हक्क आहे, कारण खांब सगळ्यांचा आहे.

त्याच आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर 5 वर्षांनी आणि 30 वर्षांपुढच्या इमारतीचं दर 3 वर्षांनी व्हायला हवं. अनेक सोसायट्या ते करत नाहीत, कारण अहवालात दुरुस्ती निघेल अशी भीती असते. दुरुस्ती अहवालाच्या आधीपासून तिथे असते. त्यासाठीचा पैसाही नेमून दिला आहे: बांधकाम खर्चाच्या निदान 0.25 टक्के दरवर्षी सिंकिंग फंडात आणि 0.75 टक्के दुरुस्ती निधीत. फ्लॅटचा बांधकाम खर्च 15 लाख धरला तर दोन्ही मिळून महिन्याला 1,250 रुपये. मेंटेनन्स कमी ठेवल्याबद्दल ज्या कमिटीच्या पाठीवर थाप मारली जाते, तिने बहुतेक हेच पैसे गोळा केलेले नसतात.

नव्या इमारतीत राहणाऱ्यांनीही गाफील राहू नये. रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर तो 30 दिवसांत, विनामूल्य दूर करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. भेग दिसली की फोटो काढा आणि लेखी कळवा. तोंडी आश्वासनावर ती पाच वर्षं घालवू नका.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट जमिनीची. कोथरूड असो, मुलुंड असो की डोंबिवली, जुन्या फ्लॅटला आज जो भाव मिळतो तो पुष्कळसा रिडेव्हलपमेंटच्या आशेवर मिळतो. ती आशा प्लॉटचं क्षेत्र, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि मिळणारा एफएसआय यांवर टिकून असते. पुण्यात 6 मीटरचे रस्ते 9 मीटर करण्यावरून एवढा वाद झाला तो याचसाठी: अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क, चढत नाही आणि तो चढला नाही तर बिल्डर फिरकत नाही. पण याच्याही आधीचा प्रश्न असा, की जमीन कोणाच्या नावावर आहे? 1963 च्या मोफा कायद्याखालच्या नियमांप्रमाणे सोसायटी नोंदल्यापासून 4 महिन्यांत बिल्डरने कन्व्हेयन्स करून द्यायला हवं. अनेकांनी दिलं नाही. म्हणून 2008 मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद आली. बिल्डर सही देत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. मग दस्त नोंदवून प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव चढवून घ्यायचं. हे झालेलं नसेल, तर वाढीव एफएसआयवर दुसराच कोणी हक्क सांगू शकतो आणि तुम्ही लाखो रुपयांच्या संगमरवरावर बसून वाटाघाटींच्या टेबलावर रिकाम्या हाताने जाता.

घर सुंदर असावं, यात वाद नाही. माणसाने चांगल्या घरात राहावं. फक्त क्रम पाळा. आधी गच्ची, बाहेरचे पाइप, खांब आणि कागद. मग घरातलं न दिसणारं काम: जुन्या वायरी बदलणं, अर्थिंग तपासणं, गंजलेले जीआय पाइप काढणं, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग. त्यानंतर रंग, ट्रॉल्या, दिवे. मोठ्या कामाची पक्की बिलं जपून ठेवा. घर विकताना भांडवली सुधारणेचा खर्च नफ्यातून वजा होतो. साध्या रंगरंगोटीला ती सवलत नाही आणि बिलाशिवाय कशालाच नाही.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. या वर्षीच्या सभेच्या आधी सचिवांना तीन प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या. कन्व्हेयन्स झालं आहे का आणि नसेल तर अर्ज कधी करणार? शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट कोणत्या साली झालं आणि अहवाल कुठे आहे? सिंकिंग फंडात आज किती रुपये आहेत? तिन्ही उत्तरं इतिवृत्तात नोंदवून घ्या. हॉलचं काम त्यानंतर काढा.