पिवळा दिवा लागला तर: नव्या फोर-बाय-फोरच्या मालकांना मार्गदर्शन

ज्यांनी स्पितीला जायचं म्हणून फोर-बाय-फोर घेतली आणि जे ती घेऊन मार्केट यार्डात कोथिंबीर आणायला जातात, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. गाडी नवी हवी, हप्ते चालू हवेत आणि गाडीवर जीव हवा, एवढ्याच अटी. जीव नसेल तर गरज मार्गदर्शनाची नाही, वकिलाची आहे. गाडी कोणत्या कंपनीची हे मुद्दाम लिहिलेलं नाही. वाचकाने आपापल्या कंपनीचं नाव घालून मनातल्या मनात वाचावं. मोठ्याने वाचू नये, घरातले ऐकतात.

बिबवेवाडीत असली गाडी कशाला, असं बाणेरचे नातेवाईक विचारतात. त्यांना नकाशा दाखवावा. आमच्याकडे अप्पर इंदिरानगर आहे, लोअर आहे आणि सुपरही आहे. नावं ठेवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गिअरबॉक्सच असला पाहिजे. गंगाधाम चौकातून आई माता मंदिराकडे चढताना पुढचा टेम्पो मध्येच थांबला की हिल-होल्ड या सोयीची किंमत कळते. शिवाय पाण्याची लाइन, ड्रेनेज आणि केबल यांच्यासाठी रस्ता आळीपाळीने खणला जात असल्यामुळे चिखलासाठी मुळशीपर्यंत जावं लागत नाही. हा सगळा युक्तिवाद गाडी घेण्यापूर्वी घरी वापरून झालेला असतो. घेतल्यानंतर तो पुन्हा काढू नये. आता समोरून विचारणा होते, "रस्ते एवढे वाईट, मग गाडी बंद पडली ती पार्किंगमध्ये कशी?"

दिव्याविषयी

पहिला पिवळा दिवा साधारण पूजेच्या नारळाची शेंडी वाळायच्या आत लागतो. सारसबागेच्या गणपतीला गाडी दाखवून झालेली असते, बोनेटवरचं स्वस्तिक पुसलेलं नसतं, चाकाखालच्या लिंबाची साल अजून टायरच्या खाचेत असते आणि मीटरवर इंजिनाचं छोटं चित्र उजळतं. अशा वेळी प्रथम दुर्लक्ष करावं. मग गाडी बंद करून पुन्हा चालू करावी. मग बंद करून, उतरून, लॉक करून, चहा घेऊन येऊन चालू करावी. हा शेवटचा उपाय पुष्कळदा लागू पडतो. तोच त्याचा धोका. एकदा गुण आला की माणूस पुढच्या वेळी गाडीचं बोनेट न उघडता थेट टपरी शोधू लागतो.

लाल दिव्याच्या बाबतीत मात्र या मार्गदर्शिकेला विनोद सुचत नाही. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं, मागचा कितीही हॉर्न मारो.

आता डिझेलवाल्यांनी पुढे सरकून बसावं. त्यांनी डीपीएफ ही तीन अक्षरं कुलदैवताच्या खालोखाल लक्षात ठेवायची आहेत. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 चे नियम लागू झाले आणि धुरातली काजळी अडवणारा हा फिल्टर डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये येऊन बसला. तो भरत आला की गाडी स्वतःच तो साफ करते. जादा डिझेल सोडते, एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि काजळीची राख करून टाकते. त्यासाठी तिला पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळू द्यायला हवं. बिबवेवाडीत पंधरा-वीस मिनिटं एका लयीत काहीच पळत नाही. मार्केट यार्ड घरापासून दोन-तीन किलोमीटर. इंजिन नीट तापायच्या आत आपण भेंडीचा भाव विचारत उभे असतो. साफसफाई दर वेळी अर्ध्यावर राहते. जादा सोडलेल्या डिझेलपैकी काही इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून पाहावी तर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं आणि मालकाला क्षणभर फायदा झाल्यासारखं वाटतं.

गंमत बघा. खडक, चिखल, नदीचं पात्र यांच्यासाठी बनवलेली ही गाडी खडकाने आजारी पडत नाही. कोथिंबिरीने पडते.

यावर उपचार म्हणून तिला आठवड्यातून एकदा कात्रजच्या नव्या बोगद्यातून सातारा हायवेला काढावी, खेड-शिवापूरच्या पुढे न्यावी आणि एक गिअर कमी ठेवून इंजिन जरा चढ्या आवाजात चालू द्यावं. घरच्यांना खरं कारण सांगू नये. "चला, फिल्टर जाळून येऊ" म्हटल्यावर कोणी डबा भरायला घेत नाही. त्याऐवजी केतकावळ्याच्या प्रति बालाजीचं नाव काढावं. अंतर पुरेसं आहे, रस्ता मोकळा मिळतो आणि प्रसादही असतो. पुढच्या खेपेला नारायणपूर, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी काही. आईंचा समज होतो की मुलाला उशिरा का होईना, देवाधर्माची ओढ लागली. तो समज राहू द्यावा. टोल, डिझेल आणि परतीच्या वाटेवरची मिसळ धरून त्या आठवड्यातली कोथिंबिरीची जुडी केवढ्याला पडली, हा हिशेब कागदावर मांडू नये.

एक सूचना अनुभवी मालकही विसरतात. घरी पोचताना इंजिनाचा आवाज नेहमीपेक्षा चढा असेल, पंखा घोंघावत असेल आणि खालून तापल्याचा वास येत असेल, तर बहुधा साफसफाई चालू आहे. गाडी बंद करू नका. वॉचमनने गेट उघडलेलं असलं तरी त्याला हात करून पुढे निघून जा आणि एक फेरी मारून या. दोन-तीनदा असं झालं की तो गेट उघडायला घाई करत नाही.

सर्व्हिस सेंटरविषयी

सर्व्हिस सेंटरच्या दारात दोष नाहीसा होतो. घरापासून तिथपर्यंत खडखडणारी गाडी ॲडव्हायजर शेजारी बसताच आवाज टाकते.

"साहेब, आवाज तर काही येत नाही."

"आत्ता नाही येत."

"मग आल्यावर घेऊन या ना."

या संवादात कोणीच खोटं बोलत नाही, म्हणून तो जास्त लागतो. त्याला तोड म्हणजे पुरावा. दिवा लागला की मोबाइलवर व्हिडिओ काढावा, मीटरवरचे किलोमीटर त्यात दिसू द्यावेत. इंजिन थंड होतं की गरम, वेग किती, चढ होता की उतार, पाऊस होता का, हे तिथेच टिपून ठेवावं. जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. "जनरल चेकअप" एवढंच लिहून सहीला पुढे केलं तर सही करू नये. पुढे तोच दोष पुन्हा आला तर तो आधीही आला होता हे सांगायला आपल्याकडे तेवढा एकच कागद असतो. आणि लक्षण सांगावं, निदान सांगू नये. "टर्बो गेलाय" म्हणालात तर टर्बो तपासून तो ठणठणीत असल्याचं तुम्हाला कळवण्यात येईल. "आई माताच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये ओढत नाही" म्हणालात तर निदान कुणाला तरी चढ चढून पाहावा लागेल.

काही मालक ओबीडी पोर्टला लावायचा छोटा स्कॅनर घेतात. तो मोबाइलवर कोड दाखवतो. पी-2463 आला तर समजायचं, काजळी साचली. बालाजीला जाऊन बरेच दिवस झाले. स्कॅनर उपयोगी आहे, फक्त त्याने रात्री अकरा वाजता पार्किंगमध्ये जाऊन बसायची सवय लागते आणि घरात वेगळ्या शंका येतात.

पुण्यात गाडीचं दुखणं खासगी राहत नाही. वेताळ टेकडीच्या उतारावर एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, तिची स्थापना 1966 ची. पिंपरी, चाकण, रांजणगाव हा सगळा पट्टा गाड्या आणि गाड्यांचे भाग करतो. त्यामुळे आपल्या सोसायटीत एक जण ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत असतो आणि एक जण वायरिंग हार्नेस बनवणाऱ्या. बोनेट उघडून उभे राहा, दोघेही हातात दुधाची पिशवी घेऊन येतात. ब्रेकवाला म्हणतो, हे वायरिंगचं आहे. वायरिंगवाला म्हणतो, हे मेकॅनिकल आहे. दोघांचे आभार मानून बोनेट लावून घ्यावं.

टोमण्यांविषयी

प्रत्येक इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काका असतात आणि त्यांची छोटी हॅचबॅक पार जुनी असूनही कधी बंद पडलेली नसते. टोचन करून आपली गाडी आत येताना ते गॅलरीत असतातच. "काय, आज उलटी आली का वरात?" एवढंच विचारतात. यावर चिडू नये. इतिहास सांगावा.

लँड रोव्हर 1948 मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि जगभर तिच्यावर जीव टाकणारे निघाले. ब्रिटिश गाड्यांना विजेचं सामान पुरवणारी लुकास कंपनी मात्र तिथल्या मालकांत अंधाराचा राजपुत्र म्हणून गाजली. लुकासच्या बटणाला तीनच जागा असतात, मंद, लुकलुक आणि बंद, हा विनोद त्यांनीच केलेला, आणि तो करून ते पुन्हा त्याच गाड्या पुसत बसले. आपल्याकडची गोष्ट याहून जवळची. 1945 साली स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या कंपनीने पुढे विलीज जीप इथे जोडायला घेतली आणि मामलेदारापासून साखर कारखान्याच्या चेअरमनपर्यंत सगळे जीपगाडीत बसले. ती जीप बंद पडत नसे असं कोणी म्हणत असेल तर त्याने तिला धक्का मारलेला नाही. फरक एवढाच की ड्रायव्हर खाली उतरायचा, पॉइंटला पॉलिश पेपर मारायचा, कार्बोरेटरचा जेट फुंकायचा आणि गाडी सुरू व्हायची. आताच्या गाडीत फुंकण्यासारखं काही उरलेलं नाही. लॅपटॉप येईपर्यंत आपण ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहायचं, आणि कोणी पाहिलं तर फोनवर बोलतोय असं दाखवायचं.

काकांना हे सगळं सांगून झालं की ते म्हणतात, "हो, पण आमची चालू आहे ना." याला उत्तर नाही. जिन्याने जावं.

कायद्याविषयी, थोडक्यात

सदोष गाड्या परत बोलावणं हे कंपनीचं औदार्य राहिलेलं नाही. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने कलम 110 ए आलं आणि त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. रिकॉल म्हटलं की नवे मालक घाबरतात. उलट हायसं वाटायला हवं. फेब्रुवारी 2021 मध्ये महिंद्राने 7 सप्टेंबर ते 25 डिसेंबर 2020 दरम्यान बनलेल्या 1577 डिझेल थार कॅमशाफ्ट बदलण्यासाठी बोलावल्या, तेही पैसे न घेता. दोष कंपनीने कबूल केला, तारखांसकट. आपण गेले कित्येक महिने "मनाचे खेळ आहेत" असं ऐकत असू तर यापेक्षा अधिक काय हवं? चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर घालून अधूनमधून पाहत राहावं.

ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. 50 लाखांपर्यंतच्या गाडीसाठी जिल्हा आयोग पुरतो आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. अडचण कायद्यात नाही, मालकात आहे. तक्रार करायची तर गाडी वाईट आहे असं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागतं. नव्या जावयाबद्दल घरात हवं ते बोलतात, पण शेजारणीसमोर "स्वभावाने चांगला आहे" एवढंच म्हणतात. तसंच इथे. वकील मसुदा वाचून दाखवतो, "सदर वाहन वापरण्यास सर्वथा अयोग्य," आणि मालक म्हणतो, सर्वथा काढा. मग म्हणतो, अयोग्यही जरा मऊ करता येईल का?

किरकोळ

पावसाळ्यात छताच्या सांध्यातून पाणी येत असेल तर रबर बीडिंग तपासून घ्यावं आणि तोवर त्या सीटवर पाहुण्यांना बसवावं. सायलेन्सरची ऊब आणि वायरिंगचं आवरण उंदरांना फार आवडतं. डांबराच्या गोळ्यांनी पार्किंगला वास येतो, उंदीर जातातच असं नाही. वॉरंटी असेपर्यंत नाना पेठेतून आणलेला दिवा, हॉर्न किंवा कॅमेरा वायर कापून जोडू नये. पुढचा प्रत्येक दोष त्या एका कापलेल्या वायरीच्या नावावर जमा होतो. पार्ट-टाइम फोर-बाय-फोर असेल तर कोरड्या डांबरी रस्त्यावर ती लावून शौर्य दाखवू नये. वळताना पुढच्या-मागच्या चाकांचा वेग जुळत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. पण महिन्यातून एकदा मातीत नेऊन फोर-लो टाकून पाहावं. लीव्हर वापरला नाही तर तोही बसतो. माती सध्या कुठे आहे, हे वर सांगितलंच आहे.

गाडी घेऊ इच्छिणाऱ्याने विचारल्यास

कधी तरी शेजारच्या विंगमधला एखादा माणूस पार्किंगमध्ये गाठतो. त्याची नजर टायरवर, मग मागच्या स्टेपनीवर. "कशी आहे हो गाडी? आम्ही पण बघतोय." सगळे खड्डे आणि सगळी जॉब कार्डं डोळ्यांपुढून जातात. तरी सांगावं, "एक नंबर. घेऊन टाका." यात फसवणूक नाही. बसल्यावर दिसणारा रस्ता, चढाला लागणारा जोर, सुपर इंदिरानगरच्या पोरांनी वळून पाहणं, हे सगळं खरंच आहे. आणि व्यवहाराचाही विचार करावा. आपली गाडी टोचन करायची तर तिच्याच ताकदीची दुसरी गाडी आवारात असलेली बरी. काकांच्या हॅचबॅकने ती हलणार नाही. त्याला घ्यायला लावा, सारसबागेत पूजेला जा, पेढे खा आणि दोघांत मिळून एक चांगला दोर आणा. सर्व्हिसिंगच्या तारखा मात्र आधीच ठरवून घ्या. दोन्ही गाड्या एकाच आठवड्यात आत टाकू नका.