सायकलीला मुहूर्त

दिवाळी सरली की मुरुडात सहाच्या सुमारास सूर्य समुद्रात. लंडनचा दिवस डिसेंबरात जेमतेम ८ तासांचा. आपला ११ च्या खाली जात नाही. तरी ‘हल्ली लवकर काळोख पडतो हो’ ही सबब चाकात हवा भरण्याआधीच तयार! त्यात ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. पुळणीवरची घट्ट ओली वाळू आणि उजेड एकत्र गाठायचे तर पंचांगच हवे. गाठलेच, तर तिथे पाहुण्यांच्या जीपगाड्या गरगरत असतात. उरला आसूदचा चढ. तिथे सायकल आपल्याला नेत नाही, आपण तिला नेतो. ह्याच मुरुडातून धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेले. त्यांच्याकडे गिअरची सायकल नव्हती, म्हणून जमले.