अठ्ठावीस दिवसांचा महिना

घरभाडं महिन्याला, लाइटबिल महिन्याला, भिशी महिन्याला. मोबाइलचा रिचार्ज तेवढा 28 दिवसांनी. वर्षाचे महिने 12 आणि रिचार्ज 13. हा तेरावा रिचार्ज योगायोगाने आलेला नाही, तो हिशेब करून बसवलेला आहे. 28 दिवसांच्या या मुदतीला कंपनीच्या भाषेत ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात, आणि सोलापुरात चाळीपासून बंगल्यापर्यंत सगळ्यांना हा शब्द पाठ आहे. त्यातून आपल्या खिशाला किती चाट बसते, हे मात्र फार थोड्यांनी मोजलं आहे.

ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, याने जानेवारी 2022 मध्ये आदेश काढला. प्रत्येक कंपनीने किमान एक प्लॅन पूर्ण 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला भरायचा ठेवलाच पाहिजे. असे प्लॅन आज आहेत. पण नवी पेठेत नुसतं “रिचार्ज मारा” म्हटलं, तर पुढे येतो तो बहुतेक वेळा 28 चाच. मागितल्याशिवाय मिळत नाही अशा हक्कांपैकी हा एक.

याच्या मुळाशी एक शब्द आहे, तो समजला की निम्मा उलगडा होतो. ‘आरपू’. एका ग्राहकाकडून महिन्याला सरासरी किती रुपये आले, तो आकडा. कंपनी दर तिमाहीला तो जाहीर करते आणि शेअर बाजार त्यावरून तिची किंमत ठरवतो. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, दर कोसळले, आरपू घसरला. मग 2018 च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाने किमान 35 रुपयांचा रिचार्ज सक्तीचा केला. 1 मे 2003 पासून इनकमिंग फुकट झालं होतं. 2018 नंतर ते फुकट इनकमिंग चालू ठेवायलाही दर 28 दिवसांनी पैसे मोजावे लागू लागले. जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर पुन्हा वाढवले. बातम्यांत ‘आरपू सुधारला’ असं वाचाल, तेव्हा समजा की तुमच्या खिशातून जास्त गेले.

कंपन्यांचीही एक बाजू आहे, ती लपवायचं कारण नाही. ‘एजीआर’ म्हणजे ज्या उत्पन्नावर सरकार लायसन फी घेतं ते उत्पन्न. त्यात फोनच्या धंद्याबाहेरची कमाईही धरायची, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑक्टोबर 2019 ला दिला आणि जुन्या थकबाकीचा डोंगर कंपन्यांवर कोसळला. पण तो डोंगर पूर्व भागात घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईने का उपसायचा?

तिचाच हिशेब मांडू. तिच्याकडे बटणांचा फोन. तिला हवंय काय, तर मुलीचा फोन आणि बँकेचा मेसेज. इंटरनेट ती वापरत नाही, तिच्या फोनवर ते नीट चालतही नाही. तरी वर्षानुवर्षं तिने डेटाचे पैसे भरले, कारण डेटाशिवायचं पॅकच मिळत नव्हतं. 23 डिसेंबर 2024 ला ट्रायने नियम बदलला: फक्त कॉल आणि एसएमएसचं वेगळं पॅक प्रत्येक कंपनीने द्यायचं, आणि त्याची मुदत 365 दिवसांपर्यंत ठेवता येईल. जानेवारी 2025 मध्ये ही पॅक आली. एअरटेलचं 365 दिवसांचं पॅक तेव्हा 1,849 रुपयांना होतं. त्या वेळच्या 199 रुपयांच्या 28 दिवसांच्या पॅकने 13 रिचार्ज केले, तर होतात 2,587. फरक 738 रुपयांचा. हजार विड्यांवर मजुरी मोजणाऱ्या घरात 738 रुपये म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगायला नको. एकदम 1,849 काढणं तिला जड जाईल हेही खरं. त्यासाठी 84 दिवसांचं पॅक आहे. या पॅकची पाटी प्रत्येक रिचार्जच्या दुकानावर, मराठीत आणि तेलुगूत, ठळक लागायला हवी होती. ती लागत नाही याची मला चीड आहे.

‘अनलिमिटेड’चंही तेच. दिवसाचा डेटा संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो. त्या वेगात फोटोही धड उघडत नाही. तेव्हा ‘अनलिमिटेड’च्या शेजारचा बारीक आकडा आधी वाचा. घरी फायबर घेताना 100 एमबीपीएस सांगतात, ते मेगाबिट असतात. आठ बिट्सचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा एमबी उतरतील. यात फसवणूक नाही, पण फरक ठाऊक असला म्हणजे भांडण योग्य जागी करता येतं.

‘सर्कल’ हा शब्द अक्कलकोटवाल्यांना चांगला ठाऊक. सर्कल म्हणजे फोनसेवेचा विभाग. आपलं सर्कल महाराष्ट्र-गोवा, मुंबई त्यात नाही. सीमेवरच्या गावात फोन कर्नाटकातला टॉवर पकडायचा आणि घरात बसून रोमिंग लागायचं. ते पैसे आता लागत नाहीत. पण सर्कलची सरासरी काढली की पुण्याच्या चांगल्या आकड्यांखाली करमाळ्याचं खराब नेटवर्क झाकलं जायचं. म्हणून ट्रायचे 2024 चे सेवा-गुणवत्तेचे नियम मला महत्त्वाचे वाटतात. जिल्ह्यात नेटवर्क 24 तासांहून जास्त बंद राहिलं, तर पोस्टपेडवाल्याला बिलात सूट आणि प्रीपेडवाल्याला वाढीव दिवस द्यावे लागतात. कुठे 4जी आहे आणि कुठे नाही, याचा नकाशाही कंपनीला वेबसाइटवर टाकावा लागतो. कंपनी बदलण्याआधी आपलं गाव त्यावर शोधा.

बदलायचीच असेल तर ‘पोर्ट’, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं. ही सोय देशभर 20 जानेवारी 2011 पासून आहे. मेसेजमध्ये इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकायचा आणि 1900 वर पाठवायचा. उत्तरात आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले हवेत, ही मुख्य अट. रिचार्ज संपलाय म्हणून हा मेसेज अडवता येत नाही, असं ट्रायने 7 डिसेंबर 2021 ला सगळ्या कंपन्यांना बजावलं आहे.

आणि पैसे चुकीचे कापले गेले तर दुकानदारावर ओरडू नका, त्याच्या हातात काही नाही. 198 वर तक्रार करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. समाधान झालं नाही, तर 30 दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. अपिलाला एक रुपयाही लागत नाही.