कार्डावर चालते काय?

आमच्या अकोटात कोणाच्या छातीत दुखलं की दोन फोन जातात. एक गाडीवाल्याला, दुसरा काकाजींना. बहुतेक वेळा काकाजीच आधी पोचतात. बगलेत साडीच्या दुकानाची थैली, तीत सगळ्या कागदांच्या पाच-पाच झेरॉक्स. रोगी घामाघूम पडलेला अन् हे त्याच्या बायकोला विचारतात, "वहिनी, रेशन कार्ड पिवळं का केसरी?"

२०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली ती आठ जिल्ह्यांत. त्यात अमरावती होता, अकोला नव्हता. हा राग काकाजींनी अजून सोडलेला नाही. पुढं योजनेला महात्मा फुल्यांचं नाव आलं, २०२४च्या जुलैपासून मोफत उपचाराची मर्यादा दीड लाखाची पाच लाख झाली, पांढरं कार्डही चालू लागलं. तरी ते रंग विचारतातच. सवय!

हृदयाचा डॉक्टर शोधायची त्यांची रीत उलटी. डॉक्टर नावाजलेला आहे म्हटलं की यांचा चेहरा पडतो. "हात चांगला असन हो त्याचा, पण कार्डावर चालते काय?" मग स्पीकरवर फोन. दवाखाना योजनेत आहे, एवढ्यानं भागत नाही. "हाडाचं घेता का हृदयाचं, ते सांगा पहिले!" मेडिक्लेमवाल्या जावईबापूंना वेगळी तंबी: "कॅशलेस म्हनते, पण नेटवर्कमधी हाय काय? अन् खोली भाड्याच्या मर्यादेतलीच घ्या. महागाची घेतली तं अख्खं बिल त्याच हिशोबानं कापते."

कागद जपण्याचं त्यांना भारी वेड. एकदा शेजारच्या आबाजींचा ईसीजी त्यांनी हौसेनं लॅमिनेट करून आणला. तो कागद उष्णतेनं उमटणारा. मशीनमधून निघाला तो तव्यासारखा काळा. अकोल्याच्या डॉक्टरनं तो उजेडाकडं धरला अन् विचारलं, "हे काय आहे?" काकाजी म्हणाले, "ओरिजनल हाय साहेब."

गेल्या हिवाळ्यात पाळी माझ्यावर आली. शेतात रोडगे अन् वांग्याची भाजी हाणून आलो होतो. रात्री दोनला छाती आवळली. काकाजी आले, माझ्याकडं पाहिलं अन् थैली तशीच ओट्यावर टाकली. "गाडी काढा! कार्डाचं मंग पाहू." ते ऐकून मात्र मी खरा घाबरलो.

अकोल्याचे ४५ किलोमीटर ते माझा हात धरून बसले. बोलले फक्त ड्रायव्हरशी, "गड्ढा पाय बाप्पा, गड्ढा पाय."

पहाटे रिपोर्ट आले. हृदय ठणठणीत, पित्त झालेलं. मी डोळे उघडले तेव्हा काचेपल्याड काकाजी योजनेच्या आरोग्यमित्राशी हुज्जत घालत होते. थैलीही कोणाकडून तरी मागवून घेतली होती.

"एवढ्या हजार रोगाईचं पॅकेज हाय," ते तावातावानं म्हणत होते, "अन् पित्ताचं नाही? काहून?"