डब्यातला आमरस

आमच्या शेजारचे नाना स्टुडिओतल्या गाण्याला गाणं म्हणत नाहीत, ‘डब्यातला आमरस’ म्हणतात. मोबाइलवर कुणी ख्याल लावला की लगेच, “यांना समोर बसून ऐकलंयस का?” नाही म्हटलं की असा सुस्कारा सोडतात, जणू आपलं लग्नच व्हायचं राहिलंय.

१९०२ साली गौहरजाननं कोलकात्यात ध्वनिमुद्रण केलं आणि तिथूनच गाण्याची साडेसाती सुरू झाली, असं त्यांचं मत. “अरे, रेकॉर्डच्या शेवटी बाईंना स्वतःचं नाव सांगावं लागायचं! बैठकीत गवयाला कुणी नाव विचारतं का?” (परदेशात तबकड्या छापणाऱ्यांना कळावं म्हणून ते नाव असायचं, हे सांगण्यापायी माझा एक चहा बुडालाय.) १९७७मध्ये व्हॉयेजर यानातून केसरबाई केरकरांची भैरवी अंतराळात गेली, त्याचा नानांना अभिमान नाही, काळजी आहे. “साडेतीन मिनिटांत परग्रहवाल्यांना काय कळणार केसरबाई? ऐकायचं होतं तर यायचं इथं. सतरंजीवर बसायचं.”

सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा, त्या रमणबागेतल्या थंडीतून नाना अजून उठलेले नाहीत. पण त्यांच्या शेजारी बसून गाणं ऐकणं ही एक शिक्षाच. तानपुरे जुळताहेत तोवरच पहिली ‘वा!’. मग मांडीवर ताल. मग माझ्या कानाशी, “बघ हं, आता समेवर येतो!” गवई येतोही, नाना दोन मात्रा आधीच पोचलेले असतात. खरं सांगायचं तर अशा रात्रीनंतर मला डब्यातला आमरस गोड लागतो.

आणि याच नानांच्या कपाटात, धोतरांच्या घडीखाली, नव्वद मिनिटांची एक कॅसेट आहे. कुठल्याशा वाड्यातल्या बैठकीची. “ही रेकॉर्डिंग नव्हे हं, ही बैठक आहे.” पेन्सिल घालून सैल टेप घट्ट करतात, डोळे मिटतात. गाण्याआधी पंख्याची घरघर येते, कपबशी वाजते, कुणीतरी “सरका जरा” म्हणतं. ऐन द्रुतात, तान वर चढत असतानाच, खट्! पहिली बाजू संपते. “इथून पुढचं माझ्या कानात आहे,” म्हणून नाना ती तान स्वतः पुरी करतात. ती का कापली गेली, हे तेव्हा पटतं.

पण खरी जागा त्याच्या थोडी आधी आहे. नाना बोट वर करतात. “थांब, आता मी येतो.” विलंबितातली सम येते आणि टेपमधून तरणे नाना ओरडतात, “क्या बात है!” लगेच टेपमधली काकू कुजबुजते, “अहो, हळू!”

खुर्चीतले नाना त्याहून मोठ्यानं, “क्या बात है!”

“अहो, हळू!” स्वयंपाकघरातून.