शेरा : तिखट कमी

बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला परदेशातल्या मुलीच्या घरी फार काळ मोकळं सोडू नये. आधी तो स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो, मग गराज आवरतो, मग जावयाच्या विजेच्या बिलात चूक शोधायला बसतो, आणि हेही संपलं की त्याची नजर गावाकडे वळते. आमची मुलगी न्यू जर्सीत एडिसनला असते. मेटचन नावाचं एक चिमुकलं गाव या एडिसनच्या बरोब्बर पोटात आहे, चारी बाजूंनी वेढलेलं, त्यामुळे फिरायला निघालेला माणूस एडिसनमधून मेटचनमध्ये जातो आणि सरळ चालत राहिला तर पुन्हा एडिसनमध्येच उगवतो. हा भूगोल मला शेवटपर्यंत उमगला नाही. दर दोन सिग्नलांमागे पिझ्झ्याचं एक दुकान लागतं, एवढं मात्र लगेच ध्यानात आलं.

त्यात मुलीच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली. दुपारी पुरणपोळी आणि संध्याकाळी शेजारीपाजारी, ऑफिसातली मंडळी आणि पोरंटोरं यांच्यासाठी पिझ्झा, इथपर्यंत एकमत झालं. पिझ्झा कुठला, यावर मात्र वाजलं. जावई म्हणे रूट २७ वरचा, मुलगी म्हणे स्टेशनाजवळचा आणि नातीचा पक्ष तिसराच. मी घसा खाकरून म्हणालो, "मी तपासणी करून अहवाल देतो." नोकरीत असताना हे वाक्य उच्चारलं की ब्रँच मॅनेजरांचे चेहरे पडायचे. इथे जावयाचा उजळला. सासरेबुवा आता रोज दुपारी घराबाहेर असणार, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

मी लांबरुंद वही घेतली, पट्टीने रकाने आखले – पाया, सॉस, चीज, वागणूक, शेरा – आणि छत्री घेऊन निघालो. छत्री अशासाठी, की इथल्या मोठ्या रस्त्यांना फूटपाथ मध्येच सोडून जातो आणि पुढे कडेच्या गवतातून चालावं लागतं. हातात छत्री असली की निदान माणूस चुकला नसून कुठेतरी निघालाय असं गाडीवाल्यांना वाटतं. तरी दोघांनी गाडी थांबवून "सगळं ठीक आहे ना?" असं विचारलंच.

पहिल्या दुकानात काउंटरवरच्या पोराने विचारलं, पाय की स्लाइस? पाय म्हणजे अख्खा पिझ्झा. मी स्लाइस म्हणालो. कुठला? साधा. तर इथे 'प्लेन' म्हणजे सॉस आणि चीज, बाकी काही नाही. काचेमागे मांडून ठेवलेला एक त्रिकोण त्याने उचलला, पुन्हा भट्टीत सरकवला आणि कागदी बशीवर ठेवून माझ्यासमोर आणला. त्रिकोण बशीपेक्षा मोठा. टोक बाहेर लोंबतंय, खालचा कागद तेल पिऊन पारदर्शक होत चाललाय, आणि चीजवर नारिंगी तेलाची छोटी छोटी तळी तरारून आलीत. मी सभ्य माणसाप्रमाणे काटा-सुरी मागितली. नात माझ्यासोबत होती. तिने चटकन दोन खुर्च्या सोडून जागा बदलली.

काट्याने पिझ्झा खाणं इथे गुन्ह्यात मोडतं, हे मला घरी आल्यावर जावयाने सांगितलं. २०१४ च्या जानेवारीत न्यू यॉर्कचे नवेकोरे मेयर बिल डी ब्लासिओ यांनी स्टेटन आयलंडवर काट्याने पिझ्झा खाल्ला, तर वर्तमानपत्रांनी त्यांना सोलून काढलं. म्हणजे चूक मोठ्या माणसाच्या पंगतीतली होती, पण नातीला त्याचं काही नव्हतं. तिने मला शिकवलं. कडेचा जाड भाग बोटांच्या चिमटीत धरायचा, स्लाइस उभी दुमडायची, टोक आधी तोंडात. मी पुढच्या वेळी ती आडवी दुमडली. सगळं चीज एकगठ्ठा पुढे घसरलं आणि नारिंगी तेल मनगटावरून आत शिरून झब्ब्याच्या बाहीतून थेट कोपरापर्यंत पोचलं. वहीत 'पाया' या रकान्याखाली त्या दुकानापुढे आजही नुसता एक डाग आहे.

आणि चव? खरं सांगू का, मला सगळंच अळणी लागत होतं. टेबलावर मिरचीच्या फ्लेक्सची इवली पाकिटं असायची, ती मी आधी दोन, मग मूठभर घेऊ लागलो, उरलेली खिशात. ओरेगानोचीही घ्यायचो, पण ती नुसती मिरचीला सोबत म्हणून.

पुढचा प्रकार फोनवरचा. मुलगी-जावई दमून येणार, म्हणून आम्ही पाच माणसं धरून मी फोन केला आणि माणशी एक लार्ज मागवला. आपल्याकडचा मीडियम मनात धरलेला. पलीकडच्या बाईंनी "पाच? लार्ज?" असं दोनदा विचारलं, तेव्हा माझ्या इंग्रजीवर शंका घेतली जातेय असं वाटून मी दोन्ही वेळा आवाज चढवून "येस, फाइव्ह" म्हणालो. दारात उभ्या पोराची हनुवटी खोक्यांच्या चळतीवर टेकलेली होती. इथला लार्ज १६ इंचांचा. नंतर वहीत हिशेब करून पाहिला : क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे १० इंची पिझ्झ्याच्या अडीचपटीहून जास्त भरतो. आयुष्यभर लोकांच्या कर्जावरचं व्याज काढलं, पण चक्रवाढ जेवणावरही लागू होते हे कधी सुचलं नाही. एक खोकं फ्रिजात बसेना, बाकीची तर सोडूनच द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या हिने कात्रीने पिझ्झ्याचे तुकडे केले, तेलात मोहरी, हिंग, हळद घातली, कांदा परतला, आणि फोडणीच्या पोळीच्या विश्वासाने सगळं कढईत लोटलं. चीज म्हणजे पोळी नव्हे. ते वितळलं, तारा निघाल्या, झारा उचलला तर कढई उचलली गेली. पण वरून कोथिंबीर पडल्यावर जावई ताटातून मान वर न काढता खात होता, आणि माझ्या वहीत या पदार्थाला रकाना नव्हता. कढई रात्रभर भिजत राहिली. मी घासली.

मग आम्ही वरच्या वर्गात गेलो, म्हणजे टेबलक्लॉथ असलेल्या इटालियन रेस्तराँत. जावयाने बजावलं होतं, "तिथे बाटली आपली आपण न्यायची असते, बाबा." ही न्यू जर्सीची खास भानगड आहे. दारूचे परवाने गावच्या लोकसंख्येवर ठरतात, तीन हजार वस्तीमागे एक. त्यामुळे मोकळा झालेला परवाना लाखो डॉलरांना जातो आणि छोट्या रेस्तराँवाल्यांना तो झेपत नाही. म्हणून गिऱ्हाइकांनी आपली वाइन आणावी, आम्ही ग्लास देतो, अशी सोय. आम्ही दोघं पीत नाही, पण नियम तो नियम. हिने कोकम सरबत केलं, जावयाच्या एका रिकाम्या, लांब मानेच्या बाटलीत भरलं, आणि आम्ही ती बाटली कागदी पिशवीतून मोठ्या अदबीने नेली.

वेटर म्हणजे काळ्या बंडीतले, पांढऱ्या मिशांचे वयस्कर गृहस्थ. त्यांनी बर्फाची बादली आणली, पायांचे ग्लास आणले, आणि माझ्या ग्लासात घोटभर ओतून अदबीने थांबले. मी चाखावं आणि होकार द्यावा अशी ती पद्धत. मी चाखलं. जिरेपूड थोडी जास्त झाली होती, पण हिच्यादेखत ते म्हणण्याची सोय नव्हती. मी मान डोलावली. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ तो गडद लाल रंग बघून झुकले आणि म्हणाले, कुठली? मी म्हणालो, रत्नागिरी. साल? मी म्हणालो, गेल्या मे महिन्यातली. त्यांनी ते नाव रुमालावर लिहून घेतलं. बिचारे अजून दुकानांतून विचारत फिरत असतील.

त्याच रात्री हिने पेने पास्ता मागवला होता, गुलाबी सॉसमधला. शाकाहारी आहे याची मी वेटरकडून खात्री करून घेतली होती आणि ही तर खूश. टोमॅटो, साय, किंचित आंबूस, अगदी निपटून खाल्लं, माझ्या बशीतलंही घेतलं. मला वाचायची सवय. मेन्यूकार्ड परत करताना पाहिलं तर नाव होतं पेने आला व्होडका. टोमॅटोच्या सॉसमध्ये व्होडका घालून आटवतात आणि मग क्रीम. शिजवताना ती बरीचशी उडते, पण सगळी नाही. हे घरी आल्यावर सांगावं की सांगूच नये या विचारात असताना ते माझ्या तोंडून गाडीतच निघून गेलं. ही बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "तरीच आज तुम्ही जरा बरे दिसत होतात."

व्होडका उडते, माझं वाचन उडत नाही. पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, हेही मी तिला ते मिनेस्ट्रोनेवर चांगलं दोन चमचे भुरभुरून झाल्यावरच सांगितलं. त्यानंतर माझ्या समोर फोन ठेवायची बंदी झाली.

एका ठिकाणी मी पिझ्झा परत पाठवला. लाकडाची भट्टी, इटलीहून आणलेल्या फरशा, सगळा थाट. आणि आला तो पिझ्झा कडेने काळे चट्टे पडलेला, मधोमध ओला. मी तपासनिसाच्या स्वरात "हा करपलाय" म्हणालो. भट्टीवरचा तरुण स्वतः आला आणि न रागावता म्हणाला, नेपल्सची रीतच ही : सुमारे ४८५ अंश सेल्सियस, साठ ते नव्वद सेकंद, म्हणून कडा फुगते आणि ठिपके पडतात, नेपल्सच्या पिझ्झेवाल्यांची ही कला २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली आहे. मी ओशाळून तो सगळा खाल्ला. ही म्हणाली, "लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मीही अश्शीच पोळी केली होती. कडेला जळकी, मधे कच्ची. तुमच्या आईंनी कुठल्या यादीत नाही घातलं."

शेवटी जावयाला दया आली आणि रविवारी त्याने गाडी काढली. ट्रेंटनकडचा टोमॅटो पाय म्हणजे माझ्या रकान्यांची वाताहत : तिथे चीज आधी आणि टोमॅटो वर, म्हणजे पाया, सॉस, चीज हा माझा क्रमच उलटा. ट्रेंटनला १९१२ मध्ये सुरू झालेलं पापाज आता शेजारच्या रॉबिन्सव्हिलला आहे. तिथे चीजखाली मोहरीचा सॉस फासलेला पिझ्झा मिळतो. मोहरी म्हटल्यावर हिचे डोळे चमकले. फोडणी नसली तरी निदान विचार तरी होता, म्हणाली. एलिझाबेथ गावात सांतिलोजकडे तर पिझ्झ्यांना सालांचीच नावं, आणि त्यात १९५७! ते माझं जन्मसाल. मी कौतुकाने हिला दाखवलं. ती दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाली, "तो अजून कुरकुरीत आहे."

ओक ट्री रोडवर, जिथे साड्या, सोनं आणि पाणीपुरी एका रांगेत मिळतात, तिथे आपल्याच लोकांनी पनीर, हिरवी मिरची आणि पुदिन्याची चटणी घातलेला पिझ्झाही काढलाय. मला तो सगळ्यात आवडला. इटालियन गटात बसत नाही म्हणून मीच त्याला बाद केलं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

वास्तुशांतीच्या आदल्या रात्री मी अहवाल वाचला. प्रस्तावना, कार्यपद्धती, निरीक्षणं. निरीक्षणांच्या मध्यावर जावई बसल्या जागी झोपला, नातीने वहीतल्या डागाचं चित्र काढलं, आणि शिफारशी यायच्या आत मुलीने फोन उचलून सर्वात जवळच्या दुकानाला ऑर्डर दिली, कारण ते घरपोच देतात आणि वेळेवर देतात. मी रागावून कागद गोळा करत होतो. पत्ता सांगता सांगता ती थांबली, हसली, माझ्याकडे बघितलं आणि फोनवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, ते विचारतायत, वही आणि छत्रीवाले गृहस्थ याच घरात राहतात का?"

इतक्या दिवसांच्या निष्ठेची कुणीतरी दखल घेतली होती. मी झब्बा सारखा करून उठलो. "हो म्हण," मी म्हणालो, "निकाल हवा असेल त्यांना."

"निकाल नकोय. उद्याच्या ऑर्डरसोबत चिली फ्लेक्सची पाकिटं किती लागतील ते विचारतायत. म्हणाले, तुमच्यासाठी एक अख्खं खोकं बाजूला काढून ठेवलंय."

वागणुकीच्या रकान्यात मी त्यांना पैकीच्या पैकी दिले.